मंगळावरच्या रेघेची गवाही

मोहिद्दीनभाई मुलाणी यांना पौडात सगळे दोन कारणांसाठी ओळखत. वरातीला गॅसबत्त्या पाहिजेत, त्यांच्याकडे जा. रमजान संपताना चांद दिसला का नाही ते विचारायचंय, तरी त्यांच्याकडेच जा. तिसरं कारण मी त्यांच्या मागे लावून दिलं. मी तेव्हा पौडच्या शाळेत मास्तर होतो, तिशीच्या आतला, पुण्याहून बदलीवर आलेला, आणि या गावात काही घडत नाही अशी माझी पक्की समजूत होती. स्वभाव उतावळा. तो अजून गेलेला नाही, गुडघे दुखतात म्हणून हल्ली दिसत नाही इतकंच.

बासष्टच्या डिसेंबरात पुण्यातल्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका मंडळानं पत्रक काढलं. फेब्रुवारीत मंगळ पृथ्वीच्या जवळ येणार होता. मंगळावर जीवसृष्टी आहे का, यावर तेव्हा वर्तमानपत्रांत सारखं काहीबाही यायचं. कुणी म्हणे तिथं शेवाळं आहे, कुणी म्हणे झुडपं, तर कुणी थेट कालवेच खणून ठेवले होते. मंडळाला शहराच्या दिव्यांपासून लांब, पाच गावांत स्वयंसेवक हवे होते. मी त्याच दिवशी अर्ज केला. महिन्याभरात एक पितळी दुर्बीण, तिची लाकडी तिवई आणि छापील कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन मी एस.टी.तून पौडला आलो. ज्या केंद्राकडून काही उपयोगाचं येईल त्याच्याकडे दुर्बीण पुढची दोन वर्षं राहील, असं चिटणिसांनी निघताना सांगितलं होतं.

एस.टी.च्या धक्क्यांनी तिवईचा एक स्क्रू वाटेतच पडला, म्हणून मी मोहिद्दीनभाईंच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे ओटीवरची एक फळी. गॅसबत्त्या, स्टोव्ह आणि घड्याळं ही तिन्ही तिथं दुरुस्त व्हायची. पन्नाशी उलटलेला, शिडशिडीत माणूस, घड्याळवाल्यांचं भिंग उजव्या डोळ्यात खोचलेलं. त्यांनी डब्यातून स्क्रू शोधला, बसवला, तिवई तीनदा हलवून पाहिली आणि मग विचारलं,

"ह्यातनं काय बगायचं मास्तर?"

"मंगळ."

"आन् मंगळावर?"

"कुणी आहे का ते."

त्यांनी डोळ्यातलं भिंग काढलं. मला वाटलं, आता हसणार. बाजारात आधीच दोघंतिघं हसले होते.

"बगायलाच पायजे," ते म्हणाले. "मी येऊ का?"

त्यांना इतकं का वाटावं, ते मला नंतर कळलं. त्यांचं जन्मगाव मुळशीच्या तळ्यात गेलेलं. धरण झालं तेव्हा ते पोरवयात होते. दर वैशाखात पाणी उतरलं की ते एकदा डोंगराच्या कड्यावर जाऊन बसून यायचे. "वरनं घर दिसत न्हाई, मानूस तर न्हाईच न्हाई," ते मला म्हणाले. "बांदाच्या रेघा तेवड्या दिसत्यात. एवडी सरळ रेघ दिसली की वळकावं, हितं कुनीतरी नांदत हुतं." मंगळावर रेघा आहेत असं मी त्यांना वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

मंडळाच्या कागदावर एक वर्तुळ छापलेलं होतं. त्यात दिसेल ते काढायचं. खाली रकाने: वेळ, हवा, 'जीवसृष्टीचे चिन्ह: आहे / नाही', निरीक्षकाची सही. आणि शेवटी, 'सहनिरीक्षकाने स्वतंत्रपणे पाहून सही करावी.' हे वाचून मोहिद्दीनभाई खूश झाले.

"शाने हायेत तुमचे पुन्याचे. आमच्यातबी ईदेला दोन गवाह लागत्यात."

ते दोन गवाह कोण, हे अख्ख्या पौडाला ठाऊक होतं. एकोणतिसाव्या रोजाला सूर्य बुडताना पंचवीसतीस माणसं गावामागच्या टेकाडावर जमायची आणि सगळी मोहिद्दीनभाईंकडे बघत उभी राहायची. त्यांनी बोट वर केलं की चांद दिसला. दुसरा गवाह त्यांचा चुलतभाऊ बाबालाल, बाजारात बांगड्या विकणारा, गोल आणि गडबड्या. मोहिद्दीनभाईंनी बोट दाखवलं की बाबालालला चांद दिसायचाच. त्याआधी कधी दिसला नव्हता. यावरून लोक त्याची टर उडवायचे, पण मोहिद्दीनभाईंच्या शब्दाची कधी नाही. एका वर्षी पश्चिमेला ढग होते, घरोघर शेवया भाजून तयार, पुण्यातही ईद ठरल्याची बातमी शेवटच्या एस.टी.नं आली, आणि हे म्हणाले, "मला न्हाई दिसला." त्या वर्षी पौडानं एक रोजा जास्त केला आणि कुणी ब्र काढला नाही.

अशा माणसाला मी मंगळ बघायला बसवलं. माझी निवड चुकली असं मला पंधरा दिवसांतच वाटायला लागलं.

रमजान सुरू झाला होता. रोजा सोडून, मगरिबची नमाज पढून मोहिद्दीनभाई माझ्या खोलीमागच्या परसात यायचे आणि इशाच्या नमाजेपर्यंत तासभर थांबायचे. मंगळ तोवर पूर्वेला चांगला वर आलेला असायचा. ते डोळा लावायचे, एकदा लावला की हलायचे नाहीत, आणि शेवटी सांगायचे, "लाल हाय. वरच्या अंगाला पांडरा ठिपका हाय. बाकी काय न्हाई." रोज हेच. मी वर्तुळात एक ठिपका काढायचो आणि मनात चरफडायचो. बाकीच्या चार केंद्रांतून पट्टे, डाग, रेघा जात होत्या. चिटणिसांच्या पत्रात ते सगळं यायचं आणि शेवटी एक ओळ असायची, 'पौड केंद्राकडूनही अपेक्षा आहेत.'

"जरा नीट बघा ना मोहिद्दीनभाई," मी म्हणायचो. "मधोमध बघा. रेघ असते तिथं. बारीक असते."

"बगतोय."

"सगळ्यांना दिसते हो."

"दिसंल. दिसली की सांगतो."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांचा श्वास अडकल्यासारखा झाला. मी दारात उभा होतो, धावत गेलो.

"मास्तर, रेघ हाय."

"कुठं?"

"वरनं डावीकडं आलीया. बारीक हाय, केसावानी. जराशी वाकडी."

मी त्यांना जवळजवळ ढकलूनच डोळा लावला. लाल गोळा थरथरत होता. वरून डावीकडं. बारीक. जराशी वाकडी. आणि दिसली! मला दिसली! मी मोठ्यानं ओरडलो. शेजारच्या परसातली कोंबडी फडफडली. त्या रात्री आम्ही 'नाही' खोडून 'आहे' ठेवलं आणि दोघांनी सह्या केल्या. इतक्या लांब कुणीतरी नांदतंय, असं मोहिद्दीनभाई पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलं नाही.

पुढच्या बारा संध्याकाळी रेघ दिसत राहिली. कधी डावीकडं, कधी उजवीकडं, एकदा तर पार खाली. मोहिद्दीनभाईंना ते जरा खटकलं. मी त्यांना समजावलं की मंगळ स्वतःभोवती फिरतो, रेघ जागा बदलणारच. मास्तरकीचा एक तोटा आहे, कुठल्याही गोष्टीचं कारण तयार असतं.

चिटणिसांचं पत्र आलं ते आनंदानं भरलेलं. मार्चअखेर मंडळाची पुस्तिका छापून येणार होती, तिच्या मुखपृष्ठावर पौड केंद्राचं चित्र असणार होतं आणि दुर्बीण दोन वर्षं आमच्याकडेच राहणार होती. गावभर झालं. बाजारात लोक मोहिद्दीनभाईंना थांबवून मंगळावरच्या बांधाची चौकशी करायचे. घरात त्यांच्या बायकोनं, जैनबबींनी, वेगळाच प्रश्न काढला. मंगळाला दोन चंद्र आहेत असं माझ्याकडून तिला कळलं होतं. "मंग त्यांची ईद कंच्या चांदानं?" हा प्रश्न मोहिद्दीनभाईंनी खरोखरच मशिदीत नेला. म्हातारे पेशइमाम बराच विचार करून म्हणाले, तिथं कुणी मुसलमान असेल तर तो आपलं बघून घेईल, तुम्ही उद्याच्या इफ्तारचं बघा.

एकोणतिसावा रोजा रविवारी आला. शाळेला सुटी, म्हणून मीही टेकाडावर गेलो. आमच्या पंचांगात चंद्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं, पण पौडची ईद काही माझ्या पंचांगावर ठरत नव्हती, तेव्हा मी गप्प होतो. सूर्य ताम्हिणीकडच्या डोंगरांआड गेला. आकाश स्वच्छ, पिवळसर. मोहिद्दीनभाई पुढं उभे होते, उजवा डोळा बारीक केलेला.

त्यांचं बोट वर गेलं. "त्यो बगा."

"व्हय व्हय, दिसला!" बाबालाल लगेच म्हणाला. "लई बारीक हाय, पन दिसला!"

लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले. दोघं मशिदीकडे खबर द्यायला उतारावरून निघालेही. मी मोहिद्दीनभाईंना मुबारक म्हणायला पुढं झालो आणि थबकलो. त्यांचं बोट अजून वरच होतं, पण ते सरकत होतं. त्यांनी मान जरा उजवीकडे वळवली, बोट उजवीकडे गेलं. मग ते हळूहळू पूर्ण मागे वळले, पूर्वेकडे, जिथं चांद असायचं काही कारणच नव्हतं, आणि तिथल्या मोकळ्या आकाशाकडं बघत राहिले. त्यांनी हात खाली घेतला.

"थांबा," ते म्हणाले. "चांद न्हाई."

कुणाला कळेना. बाबालाल हसला. "न्हाई कसा भाई? मी बगितला की."

"तू माजं बोट बगितलंस बाबालाल."

"म्हंजी? मी खोटी गवाही दिली व्हय? ह्या समद्यांच्या म्होरं?" बाबालालचा चेहरा लाल झाला होता. "अल्लाची आन घेऊन सांगतो, मला दिसला!"

"तुजं खरं हाय. तुला दिसला," मोहिद्दीनभाई म्हणाले. "खोटी गवाही मी दिली. माज्या डोळ्यात कायतरी हाय. जिकडं बगंल तिकडं जातंय."

उताराकडे निघालेल्यांना हाका मारून परत बोलावलं. लोक मुकाट्यानं खाली उतरले. बाबालाल सगळ्यांच्या पुढं, एकटा, भराभर चालत गेला. तीस वर्षांत पहिल्यांदाच मोहिद्दीनभाईंनी आपला शब्द मागं घेतला होता, आणि ते किती जड जात होतं हे त्यांच्या पाठीकडे बघूनही कळत होतं.

त्या रात्री ते परसात आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसावा रोजा पुरा झाला, त्या संध्याकाळी चांद असा ठसठशीत दिसला की गवाहांची गरजच पडली नाही. मंगळवारी ईदेच्या दुपारी मोहिद्दीनभाई नव्या कपड्यांत, शीरखुर्म्याचा वाडगा रुमालानं झाकून माझ्या खोलीवर आले. मी वाडगा घेतला, मुबारक म्हणालो. ते बसले नाहीत.

"मास्तर, मंगळाचे कागद काडा."

मंडळाला पाठवायच्या प्रत्येक कागदाची एक नक्कल मी ठेवलेली होती. त्यांनी रेघेच्या त्या साऱ्या नकला सतरंजीवर एका ओळीत मांडल्या आणि उकिडवे बसले. प्रत्येक वर्तुळात तीच रेघ, प्रत्येक वेळी वेगळ्या जागी.

"मंगळ फिरतो म्हनलात तुमी. फिरंल. पन फिरतानी रेघ उलट्या अंगानं कशी जाईल? ही बगा, हिकडं गेली. दुसऱ्या दिशी ही आली तिकडं. टेकाडावर मला दिसली ती हीच. हाच बाक, हीच वाकडी." त्यांनी एका वर्तुळावर बोट ठेवलं. "ही मंगळावर न्हाई. ही माज्या उजव्या डोळ्यात हाय."

मी म्हणालो, डोळा थकला असेल, रोजे होते, पुण्याला डॉक्टरांना दाखवू.

"माज्या डोळ्याचं मला कळलं," ते म्हणाले. "तुमच्या डोळ्यात काय हाय?"

"माझ्या?"

"सही तुमचीबी हाय. तुमाला रेघ दिसली ती मी सांगायच्या आदी का मागनं?"

प्रश्न साधा होता आणि ते माझ्याकडे सरळ बघत होते. मला आठवत होतं ते सगळं. वरून डावीकडं, बारीक, जराशी वाकडी: प्रत्येक शब्द त्यांचा. मला मुखपृष्ठ आठवलं, चिटणिसांचं पत्र आठवलं, शाळेत मुलांना मी काय काय सांगून ठेवलं होतं ते आठवलं. खोटं बोलायला मला एक शब्द पुरला असता. मी तो तोंडात आणला, आणि त्या माणसापुढं तो बाहेर पडेना.

"मागनं," मी म्हणालो. मग म्हणालो, "खरं सांगू? मला दिसलीच नव्हती. तुम्हाला दिसली म्हणून दिसायला पाहिजे असं वाटलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली. "बाबालालचंबी तसंच," ते म्हणाले. "तो माज्याशी बोलंना झालाय. मी जाऊन पाया पडून आलो."

मी तरीही एकदा प्रयत्न केला. हे सांगताना आज लाज वाटते, पण केला. म्हणालो, कळवलंच पाहिजे असं कुठं आहे? पुस्तिका छापायला गेली असेल. दुर्बीण जाईल. आणि मंगळावर जाऊन कोण बघणार आहे?

"त्येच की मास्तर. टेकाडावर मी खोटं बोललो असतो तर आज न्हाई उद्या चांदानंच मला खोटं पाडलं असतं. हितं कोन पाडनार? म्हून तर हितं ज्यादा संबाळायला पायजे." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माज्या गवाहीवर मानसं रोजं सोडत्यात. आज ही एक खोटी ठिवली, तर पुडच्या साली मी कुटल्या तोंडानं बोट वर करू?"

"पण तुम्हाला ती रेघ हवी होती," मी म्हणालो.

"लई हवी हुती," ते म्हणाले आणि वर्तुळांकडे बघत राहिले. "लई हवी हुती मास्तर. म्हून तर दिसली."

पत्र आम्ही त्याच दुपारी लिहिलं. मजकूर त्यांचा, अक्षर माझं. 'मंगळावर रेघ दिसली असे आम्ही कळवले होते. ती रेघ निरीक्षकाच्या डोळ्यातील दोष आहे. सहनिरीक्षकाने स्वतंत्रपणे पाहिले नव्हते.' शेवटचं वाक्य मीच घातलं. ते मोठ्यानं वाचून दाखवताना मी मध्येच खोकल्याचं सोंग केलं.

चिटणिसांचं उत्तर चार ओळींचं होतं. पौड केंद्राची निरीक्षणं रद्द, दुर्बीण येत्या रविवारी पुण्यात पोहोचती करावी. बाकीच्या केंद्रांच्या रेघा तशाच छापल्या जाणार होत्या. मला त्याचा संताप आला. मोहिद्दीनभाई म्हणाले, त्यांचं त्यांच्यापाशी.

शनिवारी संध्याकाळी ते आले. दुर्बीण बांधायच्या आधी एकदा बघतो म्हणाले. या वेळी डावा डोळा लावला. त्या डोळ्यानं त्यांनी आयुष्यात कधी बारीक काम केलं नव्हतं, त्यामुळं बराच वेळ नुसती नजर बसवण्यातच गेला. मी गठ्ठ्यातला एक कोरा कागद घेऊन शेजारी बसलो. हा कागद कुणाला पाठवायचा नव्हता, पण सवयच झाली होती.

"लाल हाय," ते म्हणाले. "गोल हाय. पांडरा ठिपका पयल्यापरीस बारका झालाय. बाकी काय न्हाई."

मी लिहून घेतलं आणि जीवसृष्टीच्या रकान्यात 'आहे' हा शब्द रागानं खोडला. पेन्सिलीचा आवाज त्यांनी ऐकला असावा.

"काय खोडलं?"

"आहे खोडलं. नाही राहिलं."

"न्हाई असं कोन म्हनलं?"

"तुम्हीच की. काही दिसत नाही म्हणालात ना?"

ते दुर्बिणीपासून बाजूला झाले. "मला दिसलं न्हाई म्हनलो. तितं न्हाई, असं मी कुटं म्हनलो? ढग असल्यावर आमी चांद न्हाई म्हनत न्हाई मास्तर. आमाला न्हाई दिसला, म्हनतो. तितं कुनी असंल तर असू दे बिचारं. माज्या डोळ्यापायी त्येला न्हाई कशापायी म्हनायचं?"

मी 'नाही' सुद्धा खोडला आणि शेजारी लिहिलं, 'दिसले नाही.' ते मी वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, कागद घेतला आणि सही केली. मग कागद माझ्या हातात दिला आणि परसाच्या पार टोकाला, कुंपणाच्या शेराच्या झुडपांपाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. आता तुमी बगा. मी काय बोलनार न्हाई."

मी डोळा लावला. सुरुवातीला नुसतंच थरथरणारं लाल दिसलं. रेघ शोधायची खोड अजून गेली नव्हती, डोळा आपोआप वरून डावीकडे जात होता. मी तो जाऊ दिला. तिथं काही नव्हतं. पांढरा ठिपका मात्र होता, कडेला, अगदी छोटा, आणि तो मला कुणी न सांगता कितीदा दिसला होता ते मला आठवेना, कारण मी त्याच्याकडे कधी धड बघितलंच नव्हतं. मी बघत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. मशिदीतून इशाची अजान सुरू झाली तरी कुंपणापाशी काही हालचाल झाली नाही.

"काय दिसलं?" अखेर त्यांनी विचारलं, मागं न वळता.

"लाल गोळा. कडेला पांढरा ठिपका. बाकी मला काही दिसलं नाही."

"मंग करा सही," मोहिद्दीनभाई म्हणाले.